जुनं रिव्हॉल्व्हर चकाकीवर घेऊ नका, आणि ‘अडतीस म्हणजे अडतीस’ असं तर छापूच नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तू जमवणाऱ्यांसाठी जो लेख आलाय त्यातला जुन्या रिव्हॉल्व्हरचा भाग मी दोनदा वाचला, आधी आनंदाने, कारण या विषयावर मराठीत फार कमी लिहिलं जातं, आणि दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. लेख मनापासून लिहिलाय हे कळतं. पण त्यात दोन वाक्यं अशी आहेत की ती वाचून कोणी खरेदीला गेलं तर त्याचं नुकसान होणार. एक, की जुनं रिव्हॉल्व्हर जितकं चकचकीत तितकं ते चांगलं आणि मळकट असेल तर पॉलिश करून घ्यावं. दुसरं, की नळीवर .३८ लिहिलं असेल तर अडतीसचं कुठलंही काडतूस त्यात चालतं. पहिल्या वाक्याने पैसे बुडतील, दुसऱ्याने हात जाईल. म्हणून आधी दुसऱ्याबद्दल लिहिते.

अडतीस हे काडतुसाचं माप नाहीये हो, ते आडनाव आहे असं समजा, एका आडनावाची चार माणसं असतात पण ती एका घरातली असतातच असं नाही. .३८ स्मिथ अँड वेसन (हे अमेरिकन कंपनीचं नाव) हे १८७० च्या दशकातलं काडतूस, वरची कडी उघडली की बिजागरीवर वाकणाऱ्या छोट्या टॉप-ब्रेक रिव्हॉल्व्हरसाठी काढलेलं, आखूड आणि जाड, गोळीचा व्यास इंचाच्या हजार भागांपैकी साधारण ३६१. .३८ स्पेशल त्यानंतर वीसेक वर्षांनी आलं, त्याची केस, म्हणजे काडतुसाचं धातूचं नळकांडं, लांब आणि किंचित बारीक, गोळी ३५८ च्या आसपास. म्हणजे दोघांतली एकही गोळी ३८० भरत नाही. मग हा अडतीस आला कुठून, तर काडतुसाऐवजी ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर उडणारी जुनी .३६ ची रिव्हॉल्व्हरं जेव्हा धातूच्या काडतुसावर आणली गेली तेव्हा गोळी केसइतकीच जाड ठेवायचे आणि केसचा बाहेरचा व्यास ३८० च्या जवळ जायचा. नंतर गोळी केसच्या आत बसवायला लागले, ती बारीक झाली, नाव मात्र तेच राहिलं. बस एवढीच त्या आकड्याची गोष्ट आहे, आणि या गोष्टीवर कोणी विसंबून राहू नये.

आता .३८ लाँग कोल्ट बघा. कोल्ट या अमेरिकन कंपनीच्या १८९२ च्या मॉडेलसाठी अमेरिकन सैन्याने हे काडतूस घेतलं होतं. त्यातल्या सुरुवातीच्या रिव्हॉल्व्हरांची चेंबरं, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतूस बसायच्या जागा, पुढून मागे एकसारखी सरळ भोकं पाडलेली असतात, आत पायरी नसते जिथे लांब केस अडेल. त्यामुळे १९३५ साली आलेलं .३५७ मॅग्नमसुद्धा त्यात आरामात सरकतं. आणि त्या मॅग्नमचा दाब त्या जुन्या काडतुसाच्या दुपटीहून कितीतरी जास्त. बसतं म्हणजे चालतं असं नाही, एवढं एक वाक्य जरी लेखात असतं तरी मी हे पत्र लिहिलं नसतं. नवखा माणूस काय करतो, चेंबरमध्ये काडतूस घालून बघतो, बसलं की म्हणतो हेच असणार.

शिवाय काडतुसातल्या दारूचा मुद्दा आहेच. एकोणिसाव्या शतकातली बहुतेक रिव्हॉल्व्हरं काळ्या दारूसाठी बनली. धूर न करणारी दारू फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये तयार केली आणि रिव्हॉल्व्हरच्या जगात ती रुळायला पुढे बरीच वर्षं गेली, कोल्टने आपल्या सिंगल अॅक्शन आर्मी या रिव्हॉल्व्हरला या नव्या दारूची हमी द्यायला १९०० साल उजाडलं. म्हणजे काडतुसाचं नाव अगदी बरोबर जुळलं तरी आतली दारू त्या पोलादाच्या पचनी पडेल असं नाही. आणि ते पोलाद शंभर-सव्वाशे वर्षांचं आहे, आत कुठे केसाएवढी चीर आहे ते डोळ्याला दिसत नाही. माझा स्वतःचा नियम सरळ आहे, संग्रहातल्या रिव्हॉल्व्हरने बार काढायचा नाही. ज्यांना काढायचाच असतो त्यांनी परवाना आणि जाणकार गनस्मिथ (बंदुका दुरुस्त करणारा कारागीर) या दोन्ही गोष्टी आधी कराव्यात, पण मग ते वेगळ्या कामासाठी वेगळी वस्तू घेतायत हेही लक्षात ठेवावं.

‘कालबाह्य कॅलिबर’ हा शब्द लेखात तीन वेळा आलाय पण त्याचा अर्थ कुठेच दिलेला नाही, म्हणून थोडक्यात सांगते. ज्या मापाची काडतुसं बाजारात सहज मिळत नाहीत, कारखान्यांनी ती बनवणं केव्हाच सोडलं, ते कालबाह्य. काही देशांच्या कायद्यात याला वजन आहे आणि तिथे हा शब्द गप्पांमधला नसून यादीतला आहे. ब्रिटनमध्ये अशा कॅलिबरची यादीच आहे आणि तिच्यात बसणारं जुनं हत्यार नुसतं शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून ठेवलं तर त्याला परवान्यातून सूट मिळते. पण २०२१ मध्ये त्यांनी त्याच यादीतून सात कॅलिबरं काढून टाकली, त्यात .४१ कोल्ट होतं, .४४ स्मिथ अँड वेसन रशियन होतं, फ्रेंच ११ मिलीमीटर १८७३ पण होतं. म्हणजे काल जे सवलतीत होतं ते आज परवान्यात. अमेरिकेत वेगळा हिशोब, तिथे १८९८ किंवा त्याआधी बनलेलं ते केंद्रीय कायद्याने अँटिक, आणि तिथल्या राज्यांचे नियम परत निराळे. तर विकणारा जेव्हा म्हणतो की याला कागद लागत नाही, तेव्हा त्याच्या शब्दावर जाऊ नका, आपण राहतो तिथला आजचा कायदा स्वतः वाचा, शंका असेल तर परवाना देणाऱ्या कचेरीत जाऊन लेखी विचारा आणि मगच पैसे काढा. हे सगळ्यात आधी करायचं काम आहे आणि लेखात ते शेवटच्या ओळीत आलंय.

आणि १८९८ वरून आठवलं, नळीच्या वरच्या पट्टीवर ज्या तारखा कोरलेल्या असतात त्या पेटंटच्या असतात, बनवल्याच्या नाहीत! ही चूक मी स्वतः केलीय. स्मिथ अँड वेसनच्या टॉप-ब्रेकवर १८७०-८० च्या दशकातल्या तारखांची रांग असते आणि तेच डिझाइन विसाव्या शतकातही बनत राहिलं, त्यामुळे पट्टी वाचून साल ठरवलं की साल चुकतं आणि सालाबरोबर कायदाही चुकतो. साल ठरतं सिरीयल नंबरवरून, आणि तो सहसा मुठीच्या तळाला असतो.

आता चकाकी.

माझं पहिलं रिव्हॉल्व्हर अशाच एका चकाकीपायी मी घेतलं. स्मिथ अँड वेसनचं .३८ डबल अॅक्शन (चाप ओढला की घोडा आपोआप उठतो ते) टॉप-ब्रेक, संपूर्ण निकेलचा मुलामा, आरशासारखं, विकणाऱ्याने सांगितलं की कारखान्यातून आलं तस्सं आहे, एवढ्या वर्षांत कोणी हात लावला नाही, आणि मी विश्वास ठेवला कारण मला विश्वास ठेवायचाच होता. सहा-सात महिने ते मी येईल त्याला दाखवत होते. मग एक ज्येष्ठ संग्राहक घरी आले, त्यांनी खिशातून भिंग काढलं, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, आणि मग एवढंच विचारलं की ट्रिगर गार्डचा, म्हणजे चापाभोवतीच्या कड्याचा, रंग कुठला असायला हवा होता. मला माहीतच नव्हतं. कारखान्यातून निकेल होऊन आलेल्या त्या टॉप-ब्रेकमध्ये ट्रिगर गार्ड ब्लू केलेला, म्हणजे निळसर काळा असतो, आणि घोडा आणि चाप यांच्यावर निकेल नसतंच, तिथे केस-हार्डनिंगचे, म्हणजे पोलादाचा वरचा थर कडक करण्याच्या प्रक्रियेचे, पाण्यावर तेल पसरल्यासारखे रंग असतात. माझ्याकडचं रिव्हॉल्व्हर घोड्यापासून गार्डपर्यंत सगळं एकजात पांढरं. कोणीतरी ते सुटं केलं, चाकावर घासलं, सगळे भाग एकत्र निकेलमध्ये बुडवले आणि परत जोडलं. त्यांनी मग मला एकेक दाखवलं, अक्षरांच्या कडा कशा वितळल्यासारख्या गोल झाल्यात, स्क्रूच्या भोकांभोवती कशी बशीसारखी खळगी पडलीय (बफच्या चाकावर हे हमखास होतं, कापड भोकात दबतं आणि कड खाऊन टाकतं), फ्रेमच्या सपाट बाजूला उजेड तिरका धरला की पाण्यावरच्या लाटेसारखं कसं हलतं, आणि निकेलच्या खाली गंजाचे जुने खड्डे कसे झाकलेत. शेवटी मुठीची उजवी पट्टी काढली, तिच्या आतल्या बाजूला जो नंबर असतो तो मुठीच्या तळाच्या नंबरशी जुळत नव्हता. पट्टीसुद्धा दुसऱ्याच कुणाची.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशाचं दुःख होतंच पण त्याहून जास्त हे वाटत होतं की त्या रिव्हॉल्व्हरची जी खरी कातडी होती, ज्याच्यावर शंभर वर्षांत कुणाचा अंगठा कुठे घासला, ते कुठल्या खिशात राहिलं, कुठल्या बाजूवर झोपलं हे सगळं लिहिलेलं होतं, ती कोणीतरी ‘छान दिसावं’ म्हणून पुसून टाकली, आणि ती आता परत येत नाही. म्हणून तुमच्या लेखातला ‘पॉलिश करून घ्या’ हा सल्ला वाचून माझ्या पोटात कालवलं. करू नका हो! गंज पुढे सरकत असेल तर तेल लावा, मऊ फडक्याने पुसा, फार तर तेलात भिजवलेली अगदी बारीक स्टील वूल जाणकाराला विचारून आणि हलक्या हाताने, निकेलवर तीही नको. सँडपेपर, मेटल पॉलिश, ड्रिलला लावलेला बफ, नवीन ब्लूइंग यातलं काहीच नको. संग्राहक मूळ फिनिशचे पैसे देतो, ते तीस टक्केच उरलेलं असलं तरी देतो, नव्या पॉलिशचे कापतो.

आणि ‘पांढरं म्हणजे घासलेलं’ असा उलटा नियमही करू नका. फ्रान्सचं मॉडेल १८७३, सेंट एटियेनच्या सरकारी कारखान्यातलं, ११ मिलीमीटरचं, शिपायांना दिलेलं, ते मुळातच उघड्या पोलादाचं पांढरं असतं. अधिकाऱ्यांचं मॉडेल १८७४ ब्लू केलेलं आणि सिलिंडरवर खाचा पाडलेलं. म्हणजे १८७३ कोणी छान निळं करून आणलं तर तिथे शंका घ्यायची आणि पांढरं राखाडी डागाळलेलं असेल तर आनंदाने बसून बघायचं. कुठल्या मॉडेलचं मूळ रूप काय होतं हे घरी वाचून जाणं याला पर्याय नाही. मला हे रिव्हॉल्व्हर फार आवडतं, नळीवर S आणि त्यापुढे साल, अंगभर छोटे छोटे नंबर आणि तपासनिसांचे शिक्के, आणि एकाच रिव्हॉल्व्हरच्या सगळ्या भागांवरचे नंबर जुळलेले दिसले की जुनं पत्र न फाडता हातात आल्यासारखं वाटतं.

नंबर जुळणं हे सैन्याच्या रिव्हॉल्व्हरांत फार महत्त्वाचं, पण त्यातही मेख आहे. रशियन नागान १८९५ घ्या, ७.६२ मिलीमीटर, सात गोळ्यांचं, घोडा ओढला की सिलिंडर पुढे सरकून नळीला चिकटतं आणि मधली फट बंद होते, फार हुशार यंत्रणा आहे ती. यातली पुष्कळ रिव्हॉल्व्हरं सोव्हिएत शस्त्रागारांत परत सुटी करून, ब्लू करून, नंबर नव्याने ठोकून जोडली गेली. नंबर जुळतात, पण ते ठोकून जुळवलेले. त्यावर चौकोनात तिरकी रेघ असा शिक्का दिसला की समजायचं हे दुरुस्तीतून गेलेलं आहे. वाईट नाही, पण ते ‘मूळ’ म्हणून विकलं तर ते खोटं. आणि १८९५ हे मॉडेलचं साल, तुमच्या हातातलं १९४० च्या दशकातलंही असू शकतं, साल त्याच्यावर ठोकलेलं असतं ते वाचा.

वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. वेब्ली मार्क ६, १९१५ चं, .४५५ चं, दांडगं आणि देखणं. दुसऱ्या महायुद्धानंतर यातली खूप रिव्हॉल्व्हरं अशा तऱ्हेने बदलली गेली की सिलिंडरची मागची बाजू तासून कमी केली, म्हणजे .४५ एसीपी हे सहज मिळणारं काडतूस पातळ क्लिपमध्ये अडकवून त्यात बसावं. एक तर त्याने मूळ वस्तू कायमची गेली, आणि दुसरं म्हणजे .४५ एसीपीचा नेहमीचा दाब .४५५ च्या मानाने खूप जास्त आहे, ते काम ज्यांनी केलं त्यांनी पुढच्या माणसाचा विचार केला नाही. ओळखायचं सोपं आहे, बंद स्थितीत बाजूने बघा, सिलिंडरच्या मागे आणि फ्रेमच्या मधे उजेड जास्तच दिसत असेल तर ते तासलेलं आहे. विकणारा हे ‘सोय’ म्हणून सांगतो. नुकसान म्हणून ऐका.

हातात घेतल्यावर पहिलं काम, ते रिकामं आहे का हे स्वतः बघायचं, विकणाऱ्याने बघितलं असलं तरी. जुन्या टोपीच्या आणि लेफोशेच्या पिनफायर (काडतुसाच्या बाजूला आलेल्या पिनेवर घोडा पडून उडणाऱ्या) रिव्हॉल्व्हरांत कित्येक दशकं भरलेले बार सापडतात, हे किस्से नाहीत, होतं असं. मग परवानगी विचारून सावकाश घोडा ओढायचा, अंगठ्याखाली धरून, आणि सिलिंडर नेमक्या जागी येऊन अडकतंय का ते प्रत्येक चेंबरला बघायचं, एका चेंबरला बरोबर आलं म्हणून सोडायचं नाही. पूर्ण ताणलेला घोडा अंगठ्याने हलकेच पुढे रेटला तर सुटता कामा नये, पण रेटताना अंगठा मधे ठेवूनच, मोकळा घोडा आपटू द्यायचा नाही, जुनी पिन आणि स्प्रिंग त्यानेच तुटते आणि ती कुठे मिळत नाही. सिलिंडर पुढे-मागे किती हलतं, टॉप-ब्रेकची कडी आणि बिजागरी खुळखुळते का, नळीच्या आत उजेड टाकून गोळीला फिरवणाऱ्या चरा दिसतात की नुसतं काळं भोक. स्क्रूंची डोकी ओरखडलेली असली तर कोणीतरी चुकीच्या पेचकसाने आत गेलंय. कोल्टचं १८७७ डबल अॅक्शन असेल तर यंत्रणेकडे दुप्पट लक्ष, ते आतून इतकं नाजूक आहे की अनेक गनस्मिथ ते हातात घ्यायला नाही म्हणतात, आणि बिघडलेलं असेल तर ते दुरुस्त होईल या हिशोबाने कधीच घेऊ नये.

नावाचीही फसवणूक जुनीच आहे. बेल्जियमच्या लिएजमध्ये आणि स्पेनमध्ये त्या काळी नकला ढिगाने बनल्या, स्मिथ अँड वेसनच्या, वेब्लीच्या बुलडॉग नावाच्या छोट्या रिव्हॉल्व्हरच्या, आणि नळीवर मोठ्या अक्षरात प्रसिद्ध नाव येईल अशी वाक्यरचना करायचे, की अमुक कंपनीचं काडतूस यात वापरावं, डोळा फक्त नावच वाचतो. तेव्हा नावाआधी प्रूफ मार्क, म्हणजे हत्याराची चाचणी करणाऱ्या प्रूफ हाउसचा शिक्का, बघा. अंडाकृतीत ELG आणि खाली तारा दिसला की ते लिएजच्या प्रूफ हाउसचं, आणि त्यावर मुकुट असेल तर १८९३ नंतरचं. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासूनचं आहे, त्यांचे शिक्केही वेळोवेळी बदलत गेले, त्याची पुस्तकं मिळतात. नक्कल म्हणजे टाकाऊ असं मी म्हणत नाही, मला स्वतःला लिएजच्या कारागिरांबद्दल आदर आहे, पण नकलेला नकलेचा भाव द्यावा.

गोष्टींबद्दल पण लिहायलाच हवं, कारण लेखात ‘इतिहास विचारा’ असं म्हटलंय. विचारा जरूर, पण पैसे रिव्हॉल्व्हरचे द्या, गोष्टीचे देऊ नका. हे अमक्या सेनापतीचं, हे तमक्या लढाईतलं, असं कोणी म्हणालं तर कागद मागायचा. स्मिथ अँड वेसनसाठी त्यांची हिस्टॉरिकल फाउंडेशन आणि कोल्टसाठी त्यांचं अर्काइव्ह नंबरवरून पत्र देतात, कधी बनलं, कुठे पाठवलं, फिनिश काय होतं, नळी किती इंची. हे पत्र खरेदीच्या आधी मागवता आलं तर आधीच मागवा. माझ्या त्या निकेलवाल्यासाठी मी ते नंतर मागवलं. त्यात लिहून आलं, फिनिश ब्लू. म्हणजे ते कधी निकेल नव्हतंच.

ते रिव्हॉल्व्हर मी विकलं नाही. कोणी नवीन माणूस आला की मी आधी तेच हातात देते आणि भिंग देते.

तर माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी एक छोटी चौकट छापा. त्यात लिहा की .३८ नावाची वेगवेगळी काडतुसं आहेत, ती एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, आणि जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये कुठलंही काडतूस जाणकाराने चेंबर मोजल्याशिवाय घालू नये. पॉलिशचं दुरुस्त करायला जागा नसली तर राहू द्या, पण ही चौकट मात्र याच आठवड्यात छापा, कारण तो लेख कात्रण करून ठेवणारे लोक आहेत, मीही त्यातलीच एक.

आपली,
एक जुनी वाचक आणि संग्राहक